भुताशी नाइन बॉल : एकट्याने पूल खेळणाऱ्यांसाठी धागा

खडूवाला

इथे क्रिकेटवर रोज धागा निघतो, बुद्धिबळावर अधूनमधून निघतो, कॅरमवर तर मागे इतकी जुंपली होती की धाग्याला कुलूप लागलं. पूलवर (क्यू नावाच्या काठीने बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालायचा खेळ) मात्र शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून हा प्रपंच.

सगळ्या पूलवर लिहीत नाहीये. एकट्याने पूल खेळण्याचा एकच प्रकार घेतो. अमेरिकेतल्या पूल हॉलमधला हा जुना सराव आहे. तिकडे त्याला 'प्लेइंग द घोस्ट' म्हणतात, आमच्या पार्लरमध्ये पोरं 'भुताशी खेळतोय' म्हणतात. समोरचा खेळाडू काल्पनिक असतो आणि तो कधीही चुकत नाही.

नऊ बॉलचा रॅक लावायचा, म्हणजे बॉल एकत्र मांडायचे (त्या मांडणीवरच्या डावालाही रॅकच म्हणतात), आणि ब्रेक करायचा, म्हणजे पहिल्या फटक्याने ते फोडायचे. ब्रेकवर जे पडलं ते पडलं. मग व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, हातात घ्यायचा आणि टेबलावर हवा तिथे ठेवायचा. ब्रेकला व्हाइट पॉकेटात गेला तरी बहुतेक जण दंड धरत नाहीत. तिथून एक नंबरपासून चढत्या क्रमाने नऊपर्यंत टेबल साफ करायचं. साफ झालं तर रॅक तुमचा. मध्ये एक जरी बॉल हुकला किंवा फाउल झाला तर रॅक भुताचा. उरलेले बॉल भूत घालणारच, ते खेळून बघायचं कारण नाही. पुन्हा रॅक लावा. सात रॅक आधी जो जिंकेल त्याचा सामना.

पहिल्यांदा ऐकणारा हमखास म्हणतो, "व्हाइट हातात मिळतो म्हणजे सोपंच की!" मग तो खेळतो आणि सात-शून्य हरतो.

मला यातलं आवडतं ते असं. मित्राशी खेळताना मित्रही चुकतो. आपण पाच बॉल घातले, सहावा हुकला, त्याने दोन घातले, आठवा हुकला, आपण उरलेले घातले आणि जिंकलो. घरी जाताना डोक्यात काय राहतं? जिंकलो. सहावा का हुकला हे कोणी विचारत नाही. भुताशी खेळताना आपल्याला दुसरी संधी नसते, त्यामुळे रॅक नेमका कुठल्या बॉलवर मेला ते स्पष्ट दिसतं. मी एका छोट्या वहीत तेवढाच आकडा लिहितो. कसा हुकला, नशीब कसं वाईट, क्यूची टिप (टोक) कशी खराब, यातलं काही लिहीत नाही. फक्त बॉलचा नंबर. काही संध्याकाळी गेल्या की त्या रांगेत ठरावीक आकडे पुन्हापुन्हा दिसायला लागतात.

आणि मग लक्षात येतं की हुकलेला बॉल एक असतो आणि बिघडलेला दुसराच असतो. उदाहरण देतो. सात नंबर टेबलाच्या मध्याच्या जरा खाली आहे आणि खालच्या डाव्या पॉकेटात घालायचा आहे. आठ नंबर उजव्या लांब कुशनजवळ (टेबलाच्या रबरी कडेजवळ) आहे. व्हाइट सातच्या वरच्या बाजूला असेल तर सात घातल्यावर तो आपसूक उजवीकडे, आठकडे वळतो. पण व्हाइट सातच्या उजव्या अंगाला राहिला तर सात तितकाच सोपा असूनही व्हाइट डावीकडे वर पळतो. मग त्याला आठपाशी आणायला दोन-तीन कुशन फिरवावं लागतं, वेगाचा अंदाज चुकतो, आठला भलताच कट (तिरका कोन) मिळतो आणि आठ हुकतो. वहीत आकडा पडतो आठचा. चूक मात्र सहा घालताना झालेली असते, कारण सातच्या कुठल्या बाजूला जायचं हे तेव्हा ठरतं.

इथे भुताशी खेळणारं कोणी आहे का? काय नियम लावता? ब्रेकवर नऊ पडला तर रॅक जिंकला असं धरता की नऊ परत स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर) ठेवता? लिहा.

चहाबाज

भूत टेबलाचं अर्धं भाडं देतं का?

खडूवाला

@चहाबाज, नाही देत. खरी अडचण तीच आहे :) शिवाय शनिवारी संध्याकाळी एकट्याला टेबल मागितलं की मालकाचा चेहरा बघण्यासारखा होतो. चौघं असतील तर चार कोल्ड्रिंक आणि दोन मॅगी खपतात. एकटा माणूस दीड तासात पाण्याची एक बाटली घेतो. आठवड्यातल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास जावं, टेबलं रिकामी असतात आणि दरही कमी असतो.

गणिती गोगलगाय

मला पूल येत नाही. पण प्रश्न गोड आहे म्हणून हिशोब केला.

समजा तुम्ही दर दहापैकी नऊ फटके यशस्वी करता, म्हणजे बॉलही घालता आणि पुढच्यासाठी बऱ्यापैकी जागेवरही येता. ब्रेकवर काहीच पडलं नाही असं धरू. सलग नऊ घालण्याची शक्यता ०.९ चा नववा घात, म्हणजे सुमारे ३९ टक्के. ऐंशी टक्केवाल्याची शक्यता उतरते थेट १३ टक्क्यांवर. पंच्याण्णववाल्याची ६३, अठ्ठ्याण्णववाल्याची ८३. भुताशी बरोबरीत यायचं, म्हणजे निम्मे रॅक घ्यायचे, तर प्रत्येक फटका जवळजवळ ९२.६ टक्के बसायला हवा.

आता सातच्या सामन्याची गंमत बघा. दहापैकी चार रॅक काढणारा माणूस काही फार मागे नाही असं वाटतं. पण सात रॅक आधी जिंकण्याची त्याची शक्यता फक्त २३ टक्के आहे. सामना जितका लांब, तितका दुबळा जास्त मार खातो. त्यामुळे खडूवाला, तुमचं भूत तसं फार क्रूर नाही, क्रूर आहे तो घात. (कृपया दोन्ही अर्थांनी घेऊ नये.)

एक सूचना. बॉल कमी करा. ऐंशी टक्केवाल्याला तीनच बॉल दिले तर त्याची शक्यता ५१ टक्के होते. म्हणजे त्याचं बरोबरीचं भूत तीन बॉलचं. सत्त्याऐंशीवाल्याचं पाच बॉलचं.

जर्सीकर

गोगलगायराव, तुम्ही जे गणिताने काढलंत ते इथे अमेरिकेत लोक अनुभवाने करतात. नवशिक्याला कोणी नऊ बॉलच्या भुतापुढे उभं करत नाही. तीन बॉल हाताने टेबलावर भिरकावायचे, व्हाइट हातात घ्यायचा, क्रमाने घालायचे. सात रॅकचा सामना जिंकलात की पुढच्या वेळी चार. हरलात की पुन्हा तीन. एखाद्याची पातळी विचारली की तो सांगतो, "मी सहा बॉलच्या भुताशी बरोबरीत आहे." ऐकणाऱ्याला नेमकं कळतं.

फक्त टेबल कुठलं ते विचारून घ्यायचं. बारमधलं टेबल सात फुटी असतं, त्यावर अंतरं लहान पण बॉलची गर्दी जास्त. स्पर्धेचं नऊ फुटी टेबल म्हणजे खेळायची जागा १०० इंच बाय ५० इंच. सात फुटीवर भुताला हरवणारे नऊ फुटीवर आले की लांब पॉट (लांबून बॉल पॉकेटात घालणं) बघून गप्प होतात.

मी इथे आठवड्यातून एकदा लीग खेळतो. एपीए म्हणून मोठी हौशी संघटना आहे, तिच्यात प्रत्येकाला त्याच्या खेळाप्रमाणे पातळी देतात आणि त्यानुसार कमीजास्त लक्ष्य असतं, म्हणजे कच्चा खेळाडूही पक्क्याला हरवू शकतो. चांगली गोष्ट आहे, पण त्यामुळे आपण खरोखर सुधारलो की फक्त आकड्यांची मदत झाली ते कळत नाही. भूत सवलत देत नाही.

गोल्फवाल्यांकडेही असंच पात्र आहे. बॉबी जोन्स, ज्याने १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तो म्हणायचा की आपण समोरच्या माणसाशी खेळत नाही, 'ओल्ड मॅन पार'शी खेळतो. पार म्हणजे त्या होलसाठी ठरलेले फटके. हा म्हातारा कधी पारच्या खाली जात नाही आणि वरही जात नाही. आपलं भूत त्याच्याहून कडक आहे, कारण पारवाल्या म्हाताऱ्यासमोर एका होलवर गेलेला फटका पुढच्या होलवर भरून काढता येतो.

रोखठोक

सगळं वाचलं. एक विचारू? पूल हा चार मित्रांनी जाऊन हसतखिदळत खेळायचा खेळ आहे. त्यातही वह्या, टक्केवारी, घात? धावायला गेलो तर घड्याळ, झोपलो तर घड्याळ, आता खेळायला गेलो तर भूत. कशासाठी?

खडूवाला

@रोखठोक, मित्रांशीही खेळतोच. पण मित्र रविवारी मिळतात, मला मंगळवारी सकाळीही खेळावंसं वाटतं.

रोखठोक

मग नुसते खेळा की. हरण्याची सोय कशाला करून घेता?

स्वरदा_पी

कारण नुसतं खेळलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो, @रोखठोक. मी सांगते. एकटी असताना बॉल मारत सुटायचे, हुकला की तोच परत मांडायचा, पुन्हा हुकला की जरा सोप्या जागी मांडायचा, गेला की स्वतःला शाबासकी द्यायची. तासभर असं केलं की हात दुखतो, बाकी काही होत नाही. भुताशी खेळताना शेवटच्या बॉलवर पोचले की पोटात गोळा येतो. रिकाम्या हॉलमध्ये! कोणी बघत नसताना! तो गोळा आला म्हणजेच सराव चाललाय.

आता माझा मुद्दा. पार्लरमध्ये एकटी मुलगी टेबलावर दिसली की शेजारच्या टेबलावरचे तीन जण प्रशिक्षक होतात. "मॅडम, क्यू असा धरा." "मॅडम, इथून डबल मारा." मागे एकाने तर माझा व्हाइट उचलून 'इथे ठेवा' म्हणून ठेवला. भुताने माझी यातून सुटका केली. कोणी आलं की मी सांगते, "सामना चालू आहे." "कोणाशी?" "तुम्हाला दिसत नाही का?" पुन्हा येत नाहीत.

मी सध्या चार बॉलच्या भुताशी अडले आहे. तीनचं हरवते. चारला काय होतं कळत नाही.

चहाबाज

"तुम्हाला दिसत नाही का?" हे आजचं सर्वोत्तम वाक्य. +१

जुना जिमखाना

नमस्कार. मी पूल खेळलेलो नाही, बिलियर्ड्स आणि स्नूकर खेळलो. वयामुळे आता कमरेतून वाकवत नाही, त्यामुळे बघतो.

आमच्या वेळी क्लबात मार्कर असायचा. तो गुण मोजायचा, बॉल मांडायचा, आणि सभासद एकटा आला तर त्याच्याशी खेळायचाही. बरेच मार्कर सभासदांपेक्षा चांगले खेळायचे आणि थोडक्यात हरायचे. नोकरीचा भाग होता तो. त्यामुळे तुमच्या भुताचं मला कौतुक वाटतं, ते साहेबांसाठी हरत नाही.

पण तुमच्या खेळात एक मोठा दोष दिसतो. समोरचा कधीच चुकत नाही असं मानलं की सेफ्टी खेळण्याला अर्थच उरत नाही. अवघड बॉल आला तरी मारलाच पाहिजे, नाहीतर रॅक गेला. खऱ्या सामन्यात शहाणा खेळाडू अशा वेळी व्हाइट लपवतो आणि समोरच्याला फाउल करायला लावतो. ही सवय मोडली तर तुमची मुलं भुताशी खेळून धाडसी होतील, शहाणी होणार नाहीत. स्नूकरमध्ये तर फ्रेमची सुरुवातच सेफ्टीने होते, म्हणून आमच्याकडे भूत नव्हतं. आमच्याकडे 'लाइन-अप' होतं. काळ्या, गुलाबी आणि निळ्या बॉलच्या रेषेत सगळे लाल ओळीने लावायचे आणि लाल-रंगीत-लाल असं घालत सुटायचं. हुकला की मोजणी शून्यावर.

बिलियर्ड्सची गोष्ट आणखी निराळी. तिथे चांगला खेळाडू टेबलावर आला की समोरच्याला खुर्चीतच बसावं लागतं. विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले, १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत एका ब्रेकमध्ये (बिलियर्ड्समध्ये ब्रेक म्हणजे न चुकता केलेली सलग खेळी) ११४९ गुण केले. हजाराच्या पुढे गेलेले ते पहिले हौशी खेळाडू. गीत सेठींनी १९९२ च्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६ केले. एवढा वेळ समोरचा काय करत असेल? पाणी पितो, क्यू पुसतो, छताकडे बघतो. त्याच्या दृष्टीने टेबलावरचा माणूस हेच भूत. आणि मग कधीतरी तो चुकतो, आपल्याला उठावं लागतं, हात थंड पडलेला असतो. याचा सराव तुमचं भूत देतं का?

खडूवाला

जिमखाना काका, सेफ्टीचा मुद्दा पूर्ण मान्य. भुताशी खेळणं हा सरावाचा अर्धा भाग आहे असंच मी म्हणेन, आणि तो अर्धा टेबल साफ करण्याचा.

पण एक बाजू मांडतो. सेफ्टी कधी खेळायची हे कळायला आधी 'हे टेबल मला साफ होतं का' याचं प्रामाणिक उत्तर हवं. ते उत्तर आपण नेहमी फुगवून देतो. वहीत बघितलं की कळतं, तीन बॉल एकमेकांना चिकटलेले असले की आपला रॅक जवळजवळ नेहमी जातो. मग सामन्यात तसं टेबल दिसलं की हात आपोआप सेफ्टीकडे जातो. भुताने सेफ्टी शिकवली नाही, पण कुठे लागेल ते दाखवलं.

जर्सीकर

काकांच्या दोन्ही तक्रारींवर इथल्या लोकांनी उपाय काढलेत.

सेफ्टीसाठी: रॅकमध्ये एकदा, आणि एकदाच, सेफ्टी खेळायची मुभा. व्हाइटवरून पुढचा बॉल सरळ दिसत नसेल तर सेफ्टी जमली, व्हाइट पुन्हा हातात. दिसत असेल तर रॅक भुताचा. यात स्वतःच पंच व्हावं लागतं, म्हणून आधी ठरवा: बॉलची कड जरी दिसली तरी 'दिसतो' म्हणायचं.

खुर्चीसाठी: रॅक हरलो की मी लगेच नवा लावत नाही. उरलेले बॉल घालायला एखाद्याला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ खुर्चीत बसतो. मोबाइल नाही. चार बॉल उरले असतील तर दोनेक मिनिटं. सुरुवातीला वेडेपणा वाटतो. तळघरात टेबल आहे, बायको एकदा खाली आली, मी अंधारात खुर्चीवर बसून रिकाम्या टेबलाकडे बघतोय. त्या दिवसापासून ती खाली येताना जिन्यावरूनच हाक मारते.

आणि खुर्चीचं म्हणाल तर पूलमध्येही फार मोठी उदाहरणं आहेत. १९९६ मध्ये डॅलसला अर्ल स्ट्रिकलँडने नाइन बॉलचे सलग ११ रॅक साफ केले. सलग दहा काढणाऱ्याला दहा लाख डॉलर असं बक्षीस होतं. समोर जो बसला होता त्याचा विचार करा.

खरोखर एकट्याने खेळलेलं सगळ्यात मोठं काम मात्र १४.१ मध्ये आहे. त्यात कुठलाही बॉल कुठल्याही क्रमाने घालायचा, चौदा झाले की पंधरावा आणि व्हाइट टेबलावर ठेवून चौदा पुन्हा मांडायचे आणि थांबायचं नाही. विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ घातले, आणि तो आकडा ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉ ७१४ पर्यंत गेला. या दोघांसमोर खेळाडू नव्हताच. फक्त कॅमेरा आणि मॉस्कोनीचा आकडा. श्मिट महिनोन्महिने रोज टेबलावर येऊन तेच करत होता. भूत म्हणायचं तर ते हे, पन्नाशी-साठी उलटलेलं आणि नावगाव असलेलं.

गणिती गोगलगाय

सलग ६२६ म्हणजे दर फटका ९९ टक्के बसला तरी शक्यता पाचशेत एकाइतकीही नाही. आकडेमोड सोडून खेळ शिकावा असं पहिल्यांदा वाटलं.

माझ्या वरच्या हिशोबातली एक त्रुटी मात्र कोणी दाखवली नाही म्हणून मीच सांगतो. मी प्रत्येक फटका स्वतंत्र धरला. खडूवाल्यांच्या सहा-सात-आठच्या उदाहरणावरून दिसतं की ते तसे नाहीत. एक वाईट जागा पुढच्या दोन-तीन फटक्यांची टक्केवारी खाली ओढते. त्यामुळे फक्त 'पॉट किती बसतात' मोजून भुताशी काय होईल ते सांगता येणार नाही.

खडूवाला

नेमकं! लांब सरळ पॉट माझ्याहून चांगले मारणारे बरेच आहेत पार्लरमध्ये. भुताशी हरतात. कारण ते प्रत्येक बॉल नव्याने सोडवतात.

व्हाइट हातात आला की बहुतेक जण एक नंबरचा सोप्यात सोपा पॉट शोधतात, म्हणजे व्हाइट-एक-पॉकेट सरळ रेषेत. सरळ रेषेत घातला की व्हाइटला नेता येतं फक्त पुढे किंवा मागे. थोडा कोन ठेवला तर कुशनवरून कुठेही पाठवता येतो. किती कोन? साधारण अर्धा बॉल लागेल एवढा धरा, म्हणजे लागताना व्हाइटने समोरचा बॉल अर्धा झाकलेला. व्हाइट नुसता गडगडत गेला तर अशा फटक्यानंतर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंशात वळतो, आणि पाव बॉलपासून पाऊण बॉलपर्यंत कुठेही लागला तरी हा कोन फारसा बदलत नाही. हे एक लक्षात ठेवलं तरी व्हाइट कुठे जाईल याचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो. आणि स्टन मारला, म्हणजे बॉलला लागताना व्हाइट फिरत नसेल, तर तो बॉलच्या वाटेला काटकोनात जातो. या दोन वाटांच्या मधलं सगळं हाताने शिकायचं.

मुंबईचा दमट

सगळे टेबलाबद्दल बोलताहेत, हवेबद्दल कोणीच नाही. जुलैत आमच्या दादरच्या पार्लरमध्ये या. कापड ओलं, बॉल चिकट, व्हाइट दोन कुशन फिरून यायचा तो दीड फिरून बसतो. एसी सकाळी बंद असतो, संध्याकाळी गर्दी झाली की लावतात, मग टेबल तासाभरात वेगळंच वागायला लागतं. काही ठिकाणी पूलच्या टेबलावर स्नूकरचं लव असलेलं कापड लावलेलं असतं, ते आणखी हळू. अशा वेळी भुताशी हरलो तर वहीत काय लिहायचं?

खडूवाला

आकडाच लिहायचा. भूतही त्याच टेबलावर खेळतंय :)

थट्टा सोडा. पहिली पाच मिनिटं रॅक न लावता फक्त व्हाइट मारा. खालच्या कुशनला लावून परत आपल्याकडे, मग तीन कुशन फिरवून. टेबलाचा वेग कळतो. आणि पार्लरचा क्यू घेतला तर आधी टेबलावर गडगडवून बघा. टोक वरखाली उडत असेल तर तो ठेवून दुसरा घ्या. टिपला मशरूमसारखी कड आली असेल तर काउंटरवर सांगा, बहुतेक ठिकाणी घासून देतात.

स्वरदा_पी

माझ्या चार बॉलचं काय झालं? सगळे मॉस्कोनीत अडकले.

काल नेमकं असं टेबल आलं होतं. एक नंबर वरच्या डाव्या पॉकेटाच्या तोंडाशी. दोन नंबर खालच्या छोट्या कुशनला मधोमध चिकटलेला. तीन नंबर डाव्या मधल्या पॉकेटासमोर, चार त्याच्याच थोडा वर, मोकळा. व्हाइट हातात. मी एक हळूच घातला, मग दोन साठी व्हाइट पार वरच्या टोकाला राहिला. तिथून चिकटलेला दोन कसा जाणार? गेला नाही.

जुना जिमखाना

स्वरदाताई, शेवटून सुरुवात करा. तीन मधल्या पॉकेटात घालायचा तर व्हाइट टेबलाच्या मध्यावर हवा. तो मध्यावर कसा येईल? कुशनला चिकटलेला बॉल तिरका कापला की व्हाइट कुशनवरून वर उसळतो, म्हणजे मध्याकडेच येतो. तेव्हा दोन साठी व्हाइट कुशनला लागून नको आणि फार वरही नको. डावीकडे, कुशनपासून फूट-दीड फूट वर. दोन उजव्या कोपऱ्यात जाईल. बॉल आणि कुशन एकाच वेळी लागले पाहिजेत, हे लक्षात ठेवून नेम धरा.

राहिला प्रश्न व्हाइट तिथे आणायचा. एक पॉकेटाच्या तोंडाशी आहे म्हणून हळू घातलात, तिथेच घोटाळा झाला. तो कसाही जाणारच होता. व्हाइट त्याच्या खाली ठेवा, एकच्या उजव्या कडेला लागू द्या, म्हणजे एक आत जाईल आणि व्हाइट वरच्या छोट्या कुशनला लागून लांबीभर खाली येईल. वेग सांभाळला की झालं.

स्वरदा_पी

म्हणजे सगळ्यात सोप्या बॉलवर सगळ्यात जोर. हे मला सुचलंच नसतं. उद्या सकाळी असंच मांडून बघते. धन्यवाद काका!

जर्सीकर

काका, पूल कधीच खेळलो नाही म्हणता आणि रॅक साफ करून दिलात.

जुना जिमखाना

सांगायला कंबर वाकवावी लागत नाही.

चहाबाज

मूळ प्रश्न तसाच राहिला राव. ब्रेकवर नऊ पडला तर कोणाचा रॅक?

जर्सीकर

आमच्याकडे तुमचा. नशिबाने का होईना, पडला.

खडूवाला

मी नऊ परत स्पॉटवर ठेवतो आणि पुढे खेळतो. ब्रेकचं नशीब वहीत आलं की वहीचा उपयोग संपतो. पण मध्येच एक नंबरवरून नऊ कॉम्बिनेशनने (एक बॉल दुसऱ्यावर आदळून) पडला तर धरतो, बोलून मारला असेल तरच.

मुंबईचा दमट

बोलून? कोणाला?

स्वरदा_पी

तुम्हाला दिसत नाही का?